ओढ्याची वही: दोन वर्षं दर रविवारी पाणी तपासतोय, पण मासे मेले ते वहीत नाही

ओढेकरी | २७ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचक होतो, आज लिहायची वेळ आली.

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. गावातून ओढा जातो आणि पुढे कोसभरावर कृष्णेला मिळतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी ठरवलं, दर रविवारी ओढ्याचं पाणी तपासायचं. मी, एक निवृत्त एसटी कंडक्टर (आमचे अण्णा), डेअरीत दूध मोजणारा एक पोरगा, जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर आणि नववीतल्या दोन मुली. पगार नाही, पद नाही. चहा मात्र अण्णांकडून.

जागा चार: गावाच्या वर खंडोबाच्या देवळामागे, गावातल्या पुलाखाली, बंधाऱ्याच्या आत, आणि नदीला मिळतो तिथे. तापमान, पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन (पुढे नुसता डीओ म्हणतो) हे सगळं वहीत लिहितो. दोनशे पानी वही संपली, दुसरी चालू आहे.

आता मुद्दा. गेल्या मंगळवारी सकाळी बंधाऱ्यात मासे उलटे होऊन तरंगत होते. पाटीभर नाही, ट्रॉलीभर. आदल्या रविवारची आमची नोंद: डीओ ८.४ (लिटरला मिलिग्रॅम). पुस्तकात पाचच्या वर चांगला म्हणतात. सरपंचांनी चावडीत सगळ्यांदेखत वही उघडली आणि म्हणाले, "गुर्जी, तुमच्या वहीत तर वढा ठणठणीत हाय की!" लोक हसले. मुली तिथेच उभ्या होत्या, त्याचं जास्त वाईट वाटलं.

दोन प्रश्न. आमचं चुकतंय काय? आणि या वहीचं पुढे करायचं काय?

भडंगप्रेमी | रात्री ९:५२

पहिला. धाग्यावर लक्ष ठेवून आहे. सोबत भडंग.

मुठेकाठचा | रात्री १०:०५

आम्हा पुणेकरांना किट लागत नाही. पुलावर गाडी आली की काच वर करायची, झाली तपासणी.

नाद_खुळा_इस्लामपूर | रात्री १०:११

सर, त्यात विचारायचं काय? कारखान्यानं मळीचं पाणी सोडलं असणार. रातच्याला सोडत्यात, सकाळपातूर वाहून जातंय. तुमी रविवारी जाताय, ते मंगळवारी सोडत्यात. विषय संपला.

आबा_बागायतदार | रात्री १०:३०

नाद_खुळा, लेका हंगाम संपून महिना झाला. पट्टा पडला की कारखाना कसली मळी सोडतोय? उगं प्रत्येक गोष्ट कारखान्याच्या नावावर घालू नये. आणि मी काय कुणाचा डायरेक्टर नव्हे, ऊस घालणारा साधा सभासद आहे.

नाद_खुळा_इस्लामपूर | रात्री १०:३४

साधा सभासद एवढ्या रात्री टाइप करतोय व्हय आबा 😄 हंगाम संपला तरी साठवणीची तळी तशीच भरलेली असत्यात की.

लॅबवाले_काका | २८ एप्रिल, सकाळी ६:२०

ओढेकरी सर, नोकरीची तीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून थोडं विचारतो. रागावू नका.

१. रविवारी किती वाजता जाता?
२. मेलेल्या माशांत मरळ होती का?
३. मोठे मासे जास्त मेले की बारके?
४. पाण्याचा रंग कसा होता?

एवढं सांगा, मग बोलू.

ओढेकरी | सकाळी ७:४५

काका, रागावतो कशाला. आंघोळ-नाष्टा उरकून अकरा-साडेअकराला जातो, मुलींचा क्लास सुटल्यावर. मरळ? तुम्ही विचारल्यावर डेअरीच्या पोराला फोन केला, त्यानं गोळा करायला हात लावला होता. एकही मरळ नव्हती. कटला, रोहू आणि चिलापी. मोठाली धुडं जास्त. पाणी हिरवंगार होतं, उन्हाळ्यात बंधारा अडवला की दरवर्षी असतं तसंच.

लॅबवाले_काका | सकाळी ८:३०

मग ऐका. मरळ हवेतला श्वास घेते. चिखलातसुद्धा तगते. पाण्यात विष आलं असतं तर तिलाही सोडलं नसतं. कटला-रोहू गुदमरून मरतात आणि गुदमरण्यात मोठे आधी जातात, त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. याला पुरावा म्हणत नाही मी, पण बोट तिकडेच जातं. तुमच्या ओढ्यात त्या पहाटे ऑक्सिजन संपला होता.

आता ८.४ बद्दल. तीस अंशाच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसातच्या आसपास डीओ मावतो. तुम्हाला ८.४ मिळाला, म्हणजे वरचा ऑक्सिजन कुणीतरी पाण्यात कोंबलाय. कोण? ते हिरवं शेवाळ. दिवसा ऊन असताना ते ऑक्सिजन बनवतं. रात्री मात्र तेच शेवाळ, खालचा कुजणारा गाळ आणि मासे, सगळे मिळून तोच ऑक्सिजन खातात. सूर्य उगवायच्या आधी पाणी सगळ्यात कंगाल असतं. तुम्ही दोन वर्षं त्याच्या श्रीमंतीच्या वेळेला जाताय.

उद्या पहाटे साडेपाचला जा. एकदाच जा.

पेवातली_हळद | सकाळी ९:१५

काका, लाख बोललात! मी हरिपूरची. आमच्याकडे वारणा-कृष्णेच्या संगमावर पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना लहानपणी पाहायचो, आजोबा म्हणायचे "आज पाणी जड झालंय". जड म्हणजे काय ते आज कळलं.

ओढेकरी | सकाळी ९:४०

आणखी एक. आमचा पीएच मीटर बंधाऱ्यात कायम ९ च्या वर दाखवायचा. बिघडलाय म्हणून मी त्या खान्यात गेले सहा महिने रेघ मारतोय.

लॅबवाले_काका | सकाळी ९:५५

अरेरे, रेघ कशाला मारलीत! मीटरचा दांडा कोरडा पडला असेल तर बिघडलेलाही असू शकतो, तो नेहमी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा, साध्या पाण्यात नाही, आणि ७ व ९.२ च्या बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला) लावून बघायचा. पण शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यानं पीएच खरोखर ९ च्या वर जातो. तुमचा मीटर बहुतेक खरं बोलत होता. वर त्यात गटारीचा अमोनिया असेल तर चढलेल्या पीएचला तो माशांना जास्त विषारी होतो.

यापुढे नियम करा. पटला नाही तरी आकडा लिहायचा, शंका बाजूच्या खान्यात लिहायची. रेघ मारायची नाही.

सासूबाईंची_बाटली | दुपारी १:२०

थोडं अवांतर, पण पाण्याचंच. आमच्या गावात जलजीवन मिशनच्या वेळी पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग दिलं, त्यात मी एक. किटमध्ये ती जिवाणूंची बाटली असते ना, पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं झालं तर पाणी दूषित. मी पुलाखालच्या आडाचं पाणी भरून स्वयंपाकघरात फळीवर, उबेला म्हणून चुलीशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी काळंभोर. सासूबाईंना वाटलं काकवी. झाकण उघडलं आणि वासानं ओट्यावरच बसल्या! सडक्या अंड्याचा वास. त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नाही, ट्रेनिंगमध्ये सांगून जे झालं नाही ते त्या बाटलीनं केलं.

(टाकून देताना त्यात आधी ब्लीचिंग पावडर घालायची, मग टाकायची. हे मला नंतर कळलं.)

किट आता ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. किल्ली शिपायाकडे. शिपाई रजेवर.

भडंगप्रेमी | दुपारी १:२६

काकवी 😂😂 भडंग नाकातून आलं.

जलसुरक्षक_एक | दुपारी २:१०

ताई, तुमचं बरोबर आहे पण थोडी आमचीही बाजू ऐका. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणं) करणं, नमुने तालुक्याला पोचवणं हे सगळं एकटा जलसुरक्षक करतो. नळाच्या शेवटच्या घरात ०.२ क्लोरीन आला पाहिजे म्हणून सायकल मारत जातो. ओटी टाकल्यावर पिवळं आलं की देव पावला. गावाला लाल कार्ड मिळू नये म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी सगळे जागे होतात, मग वर्षभर मी एकटा.

ओढेकरी सर, तुमचा ओढा म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे, म्हणून आमच्या किटमधले बरेच प्रयोग तुम्हाला लागू नाहीत. पण ओढ्याच्या काठावर बोअर आणि आड असतील तर नायट्रेट नक्की बघा. ४५ च्या वर गेलं तर लहान बाळांना ते पाणी देऊ नये.

ओढेकरी | २९ एप्रिल, सकाळी ७:०५

गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त डेअरीचा पोरगा बरोबर होता, त्याला पहाटेच उठायची सवय.

सव्वापाच. अंधार. बंधाऱ्याच्या भिंतीवर बसलो तर पाण्यावर टपटप पाऊस पडतोय असा आवाज. बॅटरी मारली. पाऊस कसला, मासे! शेकड्यांनी तोंडं वर, भकाभका तोंड उघडतायत आणि मिटतायत. बॅटरीचा उजेड पडला तरी खाली जात नाहीत. एरवी नुसती सावली पडली की पळतात.

बाटली पाण्याखाली धरून भरली, बुडबुडा राहू दिला नाही, तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाईन आयोडाइड घातलं. रविवारी अकराला हा साका कसा दाट तपकिरी येतो, चहाच्या चोथ्यासारखा. आज आला तो पिवळट, ताकाच्या निवळीसारखा. पोरगा म्हणाला, "सर, औषध जुनं झालं काय?" औषध तेच, त्याच बाटलीतलं. आम्ल घालून थेंब मोजले: १.६.

दुपारी बाराला शाळेतून पळत जाऊन त्याच जागी परत भरणार आहे.

ओढेकरी | दुपारी १२:५०

११.२. पीएच ९.३. त्याच जागी, त्याच दिवशी.

लॅबवाले_काका | दुपारी १:०५

हे दोन आकडे तुमच्या दोनशे पानांच्या वहीला पुरून उरतात. साका अगदी पांढरा आला असता तर डीओ शून्य समजायचा, ते थोडक्यात चुकलंय.

कराडचा_संगम | दुपारी १:४०

अंगावर काटा आला ते तोंडं उघडणारे मासे वाचून. आमच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येतात, संध्याकाळी भेळ खात बसणारे हजार, पाण्यात काय आहे ते बघणारा एक नाही. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) सर.

अ‍ॅड_खटपटे | दुपारी ३:३०

कायद्याचा मुद्दा, कारण इथे काही जण लगेच "केस ठोका" म्हणणार.

१९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घेण्याची ठरलेली पद्धत आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी येतो, ज्याच्याकडून पाणी सोडलं जातं त्याला नोटीस देतो, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करतो, सील करतो, सह्या होतात आणि मग तो प्रयोगशाळेत जातो. कोर्टात तो चालतो. सरांची वही कोर्टात नमुना म्हणून उभी राहणार नाही.

तरी वही निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. अधिकारी केव्हा येतो? तक्रार आली की, दुपारी, जीपनं, जेवण करून. त्यालाही ८ च मिळणार! तुमची वही त्याला सांगू शकते की अमुक बंधारा, पहाटे साडेपाच, एप्रिल-मे. तारीख, वेळ, जागेचा फोटो, सगळं असू द्या. "पाणी घाण आहे" अशा दहा अर्जांपेक्षा असा एक अर्ज जड.

नाद_खुळा_इस्लामपूर | दुपारी ४:००

पण वकीलसाहेब, साहेब पहाटे साडेपाचला येतील व्हय?

अ‍ॅड_खटपटे | दुपारी ४:०२

ते कलम अजून आलेलं नाही.

आबा_बागायतदार | रात्री ८:१५

आता माझं ऐका. शेवाळ वाढलं कशानं? पाणी तटलं म्हणून. तटलं कशानं? बर्गे (बंधाऱ्याच्या गाळ्यातल्या फळ्या) घातलेत म्हणून. आता तुम्ही म्हणणार बर्गे काढा. बर्गे काढले की पंधरा दिवसांत खालच्या चाळीस मोटारी कोरड्या. ऊस वाळला तर मासे भरपाई देणार का? आमच्या वडलांनी बंधाऱ्यासाठी किती हेलपाटे घातलेत ते आम्हाला माहीत.

आणि सर, तुमचा टीडीएस किती लागतो? वर किती, बंधाऱ्यात किती?

ओढेकरी | रात्री ८:३२

आबा, बर्गे काढा असं मी अजून म्हटलेलंही नाही. टीडीएस खंडोबामागे ४०० च्या आसपास, पुलाखाली ६००, बंधाऱ्यात १४००-१५००. यावरूनच गावात "कारखान्याचं केमिकल" म्हणून बोंब आहे.

आबा_बागायतदार | रात्री ८:५०

वाटलंच. पुलापासून बंधाऱ्यापर्यंत दोन्ही बाजूला क्षारपड (क्षार चढून नापीक झालेली जमीन) आहे ना? पंचवीस वर्षं पाटपाणी सोडून सोडून आम्हीच जमीन मारली, हे कबूल करतो. मग सच्छिद्र पाइप गाडून निचरा काढला. तो निचरा कुठं जातो? ओढ्यात. त्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन तुमचा मीटर लावा, मग बोला.

लॅबवाले_काका | रात्री ९:१०

आबांशी शंभर टक्के सहमत, आणि हे कबूल करायला धाडस लागतं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि अंदाजानं गुणून आकडा दाखवतो. त्याला मीठ कळतं. मैला कळत नाही, जंतू कळत नाहीत, द्राक्षबागेचं औषध कळत नाही. तासगावकडचा एखादा ओढा मोरचुदानं मेलेला असला तरी मीटर ३०० दाखवून मोकळा होईल. उलट क्षारपडीतला १५०० चा ओढा मासे सांभाळूनही असेल. हल्ली फिल्टरवाले घरोघरी तोच मीटर बुडवून बायकांना घाबरवतात, तो वेगळा धागा होईल.

मिरजेचा_तंबोरा | रात्री ९:३०

आमच्याकडे आला होता फिल्टरवाला. मीटर बुडवला, ३८० आला, म्हणाला "आजी, हे पाणी विष आहे". आजीनं त्याला तेच पाणी घालून चहा दिला. प्यायला आणि गेला.

पेवातली_हळद | रात्री ९:४४

😂 आजींना साष्टांग. आणि शेरीनाल्याचा विषय कुणी काढत नाही म्हणून मीच काढते. सांगलीत माझ्या जन्माच्या आधीपासून तो शहराचं सांडपाणी घेऊन कृष्णेत मिसळतोय, प्रत्येक निवडणुकीत वळवला जातो आणि निकाल लागला की परत जागेवर येतो. गावाकडचे लोक कारखान्याकडे बोट दाखवतात, शहरवाले गावांकडे. प्रत्येकाच्या घरचं मोरीचं पाणी मात्र कुठे जातं ते कुणी सांगत नाही. सर, तुमच्या गावची गटार कुठे जाते?

ओढेकरी | रात्री ९:५८

पुलाखाली. ओढ्यात. थेट.

भडंगप्रेमी | रात्री १०:००

शांतता.

ओढेकरी | ४ मे, रात्री ८:२०

आठवडाभराचा वृत्तांत.

आबांनी सांगितल्याप्रमाणे अण्णांना घेऊन पाइप शोधत गेलो. पुलापासून बंधाऱ्यापर्यंत सात तोंडं सापडली, दोन तर घाणेरीच्या जाळीत लपलेली. मीटर लावला: सगळ्यात कमी २१००, एका ठिकाणी ३२००. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. अण्णांनी बोट बुडवून जिभेला लावलं (मी नको म्हणत होतो) आणि म्हणाले, "मचूळ." आबा, तुमचं बरोबर निघालं. दोन वर्षं आम्ही टीडीएसच्या आकड्यावरून भलत्याच माणसावर डोळे वटारत होतो.

दुसरं, मुलींनी त्यांच्या मनानं एक गोष्ट केली. दगड उलटून किडे बघितले. खंडोबामागे दगडाखाली चपट्या, तीन शेपट्यांच्या बारीक अळ्या भरपूर. पुलाखाली एकही नाही, नुसता काळा गाळ आणि त्यात लाल भडक किडे वळवळतायत. काका, हे लाल काय आहे?

लॅबवाले_काका | रात्री ८:४५

शाब्बास पोरी! तीन शेपट्यांची ती मेफ्लायची अळी, तिला चांगला ऑक्सिजन लागतो, पाणी बिघडलं की पहिली तीच जाते. लाल आहेत त्या डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशीच्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून लाल आणि म्हणूनच ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात त्या निभावतात. लाल आहेत आणि दुसरं काहीच नाही, म्हणजे काय ते समजा.

किट एका क्षणाचं सांगतं. अळ्या तिथे महिनोन्‌महिने राहिलेल्या असतात, त्यांना मंगळवारची पहाटही ठाऊक असते. रसायनं संपली तरी चालतील, दगड उलटणं थांबवू नका. फक्त बघून झाल्यावर दगड होता तसा ठेवायचा.

सासूबाईंची_बाटली | रात्री ९:०५

मेलेले मासे कुणी नेले हो? आमच्याकडे असे मासे दुसऱ्या दिवशी पाटीवर विकायला येतात.

ओढेकरी | रात्री ९:१२

अर्धे तसेच गेले, खोटं कशाला बोलू. उरलेले पुरले.

वाळवेकर_दुबईत | ५ मे, पहाटे २:३०

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमच्या लहानपणी याच भागात नदीच्या वाळूत हातानं झरा उकरायचा, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायचं आणि तिसरं ओंजळीनं प्यायचं. आता वाळूच नाही. असो, रात्री भावुक व्हायला होतं.

पण मूळ प्रश्न बाजूला पडला. सरांनी विचारलं होतं, वहीचं करायचं काय? त्यावर वकीलसाहेब सोडले तर कुणी बोललं नाही.

पेवातली_हळद | सकाळी १०:२०

मी बोलते. विचार करत होते.

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही फोन केला तर पहिला प्रश्न काय? "आयर्विनला किती?" १९२९ चा पूल, त्याच्यावरची ती फुटांची पट्टी. ४० झाले की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या पुढे गेलं तेव्हा आमच्या पेवांचं (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं) काय झालं असेल ते नुसत्या आकड्यावरून दुबईतल्या माणसालाही कळलं. भाजीवालीलाही फुटांवरून कळतं की आता सूर्यवंशी प्लॉटला पाणी, आता कर्नाळ रोड बंद. तिला कुणी जलशास्त्र शिकवलं? जागा एक, पट्टी एक, आणि आकडा वाढला की कुणाच्या दारात पाणी येतं ते सगळ्यांनी भोगलेलं.

तुमच्या वहीत चार जागा, सहा खाने, दोनशे पानं. कोण वाचणार? एक जागा, एक वेळ, एक आकडा काढा. आणि वहीतून उचलून भिंतीवर आणा.

अ‍ॅड_खटपटे | सकाळी १०:४१

ताई, हे मला सुचायला हवं होतं. वही चालू ठेवाच, फळा वेगळा.

आबा_बागायतदार | सकाळी ११:००

बरं सुचलं. पण आकड्याशेजारी शेतकऱ्याची बदनामी लिहू नका म्हणजे झालं.

मुठेकाठचा | सकाळी ११:०८

"आयर्विनला किती" हे आमच्या "खडकवासल्यातून किती सोडलं" सारखं झालं. पटलं.

नाद_खुळा_इस्लामपूर | सकाळी ११:३०

फळा चावडीत नको. तिथं तुमचं सरपंच बसत्यात. डेअरीत लावा. पहाटे सहाला अख्खं गाव किटली घेऊन तिथंच येतंय.

ओढेकरी | २१ मे, रात्री ९:१५

नाद_खुळा, तुमचा सल्ला ऐकला. डेअरीच्या भिंतीवर जिथे फॅटचा दर लिहितात त्याच्याच शेजारी एक हातभर काळा रंग मारून घेतला. पोरगा पहाटे सव्वापाचला बंधाऱ्यावर जातो, बाटली भरतो, थेंब मोजतो, आणि सहाला डेअरी उघडताना खडूनं आकडा टाकतो. खाली मुलींनी कायमचं लिहून ठेवलंय: "५ च्या वर बरं. ३ च्या खाली मासे वर येतात. १ ला मरतात."

पहिले चार दिवस चेष्टा. "वढ्याला आज फॅट किती लागली?" म्हणून पोराला छळलं. पण फॅटच्या आकड्यावर भांडायची गावाला सवय आहे, त्यामुळे पाचव्या दिवशी दोघं खरंच भांडले. एक म्हणे आकडा खोटा, पोरगं घरी बसून लिहितंय. दुसरा म्हणे चल दाखवतो. पहाटे सात-आठ जण बंधाऱ्यावर गेले. मासे बघून आले. त्या दिवशी फळ्यावर १.९ होता, कुणी हसलं नाही.

पाणीवाल्यांची बैठक झाली. आबांच्यासारखेच बोलणारे चार जण होते, आणि त्यांचं खोटं नव्हतं. शेवटी एवढंच ठरलं की वरनं पाण्याचं आवर्तन (पाळी) येईल त्या दिवसांत तळाचे दोन बर्गे रात्री काढायचे, म्हणजे खालचं कुजकं पाणी निघून जाईल आणि वरून नवं भरेल. एकदाच केलंय. तिसऱ्या पहाटे ३.४ आला. चार दिवसांनी परत २.२.

गटारीचं काही ठरलं नाही. सरपंच म्हणाले शोषखड्ड्यांचा प्रस्ताव देऊ. लिहून घेतलंय, तारखेसकट, वहीत.

लॅबवाले_काका | रात्री ९:४०

२.२ ला परत आला म्हणजे गटार बंद होईपर्यंत बर्गे ही मलमपट्टी. आणि पहिल्या वळवाला सांभाळा. उन्हाळाभर शेतात आणि गटारीत साठलेलं सगळं पहिल्या जोराच्या पावसात एकदम ओढ्यात येतं, तेव्हा पाणी वाहतं असूनही डीओ पडतो. त्या पहाटे रविवार नसला तरी जा.

आबा_बागायतदार | रात्री १०:०५

शोषखड्ड्याला माझ्या बांधाकडची जागा लागत असेल तर सांगा. दोन गुंठे पडीकच आहे. क्षारपडच आहे म्हणा, तिथं पाणी मुरेल का ते काकांना विचारा.

लॅबवाले_काका | रात्री १०:१२

नाही मुरणार आबा. पण तुमच्या मनाला मानलं.

ओढेकरी | ८ जून, सकाळी ६:५०

काल रात्री वळवाचा पहिला दणका. काकांनी सांगितलं होतं म्हणून सगळे सहा जण पहाटे बंधाऱ्यावर. पाणी तांबडंलाल, वर फेस, प्लास्टिक. बाटलीत साका कसला, गाळच जास्त, दोनदा भरावी लागली. ०.९.

मासे आहेत की गेले, गढूळ पाण्यात दिसत नाहीत. दुपारी परत बघतो.

पोरानं सहाला फळ्यावर ०.९ लिहिलं. चष्मेवाल्या एका म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली, जवळ जाऊन वाचलं आणि विचारलं, "काल किती हुती?" पोरगा म्हणाला, "अडीच." म्हातारा म्हणाला, "मग परवाचीबी लिव की तिथं. पुसतोस कशाला?"

मोठा फळा रंगवायला टाकलाय.

भडंगप्रेमी | सकाळी ७:१०

भडंग संपलं. दुपारचा आकडा टाका सर, थांबलोय.